नायकाचा पगार किती?

मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या पडद्यावर पहिला चित्रपट लागला तो लॉरेल आणि हार्डी यांचा. 'द डेव्हिल्स ब्रदर' हे त्याचे नाव. कुलाब्याच्या त्या देखण्या वास्तूचे उद्घाटन करायला मालकांना ना युद्धपट सुचला, ना प्रेमपट. जाड्या-रड्याची जोडी त्यांना पुरेशी वाटली. पुढची पन्नास-साठ वर्षे तरी त्यांचा अंदाज चुकला, असे म्हणायला जागा नव्हती. अमेरिकन विनोदी चित्रपट हा आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या करमणुकीचा एक हक्काचा कोपरा होता. निम्मे इंग्रजी डोक्यावरून जायचे, तरी माणसे पोट धरून हसायची. चॅप्लिन तर घरचाच होता. जॅक लेमन, पीटर सेलर्स, पुढे रॉबिन विल्यम्स, 'होम अलोन'मधला तो द्वाड पोरगा, हे सारे आपल्याकडे पाहुण्यांसारखे आले आणि मुक्कामाला राहिले.

आता तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. बटण दाबले की असले शेकड्याने चित्रपट घरच्या पडद्यावर हजर होतात. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याने संप पुकारला आणि मला दीड महिना घरी बसावे लागले. त्या मुदतीत गेल्या वीस वर्षांतले असे पंधरा-वीस चित्रपट मी नेमाने पाहिले. हसू आले ते मोजक्या वेळा. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारायच्या, "विनोदीच लावलाय ना? आवाज येत नाही तुमचा!"

या घसरणीची दोन कारणे हमखास सांगितली जातात. पहिले म्हणजे चावटपणा फार झाला. दुसरे म्हणजे हल्ली लोकांच्या भावना लगेच दुखावतात, त्यामुळे विनोद करणाऱ्याचे हात बांधले गेले. मला दोन्ही पटत नाहीत. चावटपणाच म्हणाल, तर बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'चा विषय काय आहे? कचेरीतले विवाहित साहेब आपली लफडी चालवण्यासाठी एका अविवाहित कारकुनाचे घर आळीपाळीने वापरतात, हा. १९६० साली! त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसह एकूण पाच ऑस्कर त्याला मिळाली. आणि बांधलेल्या हातांबद्दल सांगायचे, तर १९३४ पासून १९६८ पर्यंत हॉलिवूडवर जी आचारसंहिता लागू होती, तिच्यापुढे आजची बंधने म्हणजे काहीच नव्हेत. नवराबायकोला एका पलंगावर दाखवायचीसुद्धा तेव्हा चोरी होती. त्याच चौकटीत लुबिच, प्रेस्टन स्टर्जेस, वाइल्डर यांनी आपले उत्तम काम करून ठेवले.

मला जे कारण दिसते, ते माझ्या नोकरीतून आलेले आहे. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो, 'उत्पन्नाचे साधन'. माणूस कितीही गोड बोलो, त्या रकान्यावर नजर गेल्याशिवाय अधिकाऱ्याचे समाधान होत नाही. निवृत्तीनंतरही ही खोड जात नाही. चित्रपट बघतानाही मनात पहिला प्रश्न येतो, या नायकाचा पगार किती? भाडे कोण भरतो? जुने अमेरिकन विनोदी चित्रपट या प्रश्नाचे उत्तर चोख देत असत. नव्यांपैकी बहुतेकांना तो प्रश्नच पडत नाही. हसू आटले ते इथे, असे माझे मत आहे.

'द अपार्टमेंट'चेच बघा. नायक बॅक्स्टर हा न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत कारकून. पडद्यावर आल्या आल्या तो आकडे सांगायला लागतो. मुख्य कचेरीत ३१,२५९ कर्मचारी, त्यातला हा एक, एकोणिसाव्या मजल्यावर. आठवड्याचा पगार शंभर डॉलरच्या आत. घराचे भाडे महिना ऐंशीच्या वर, तेही घरमालकिणीने जुनापाना एअरकंडिशनर बसवल्यावर वाढलेले. दोन मिनिटांत आपल्याला त्याचे पासबुक पाठ होते. आणि म्हणूनच बढतीच्या आशेने तो साहेबांना घराची किल्ली देतो, तेव्हा आपल्याला हसू येते आणि पोटात कालवतेही. थंडीत बिचारा स्वतःच्याच घराबाहेर बाकावर कुडकुडत बसतो आणि दुसऱ्या दिवशी नाक गळत असताना टेबलावरच्या डायरीत कुणाला कुठला वार दिला त्याचा मेळ घालत बसतो. त्या कचेरीचे नेपथ्य अलेक्झांडर त्राउनेरचे. टेबलांच्या रांगा लांबच लांब दिसाव्यात म्हणून मागची टेबले त्याने क्रमाक्रमाने लहान केली होती आणि तिथे लहान चणीची माणसे बसवली होती. मोठ्या संस्थेत खालच्या पायरीवर काम केलेल्याला ते दृश्य काय सांगते, हे वेगळे सांगायला नको.

या चित्रपटाशी माझे एक खासगी नाते आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत एका शाखेत कारकून होतो आणि पार्ल्याला एकटाच एका खोलीत राहत होतो. शेजारच्या काउंटरवर माझ्याच वयाचा एक मित्र होता. त्याचे नुकतेच लग्न झालेले, आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसे आठ. तेव्हा दर रविवारी दुपारी मी त्याला माझ्या खोलीची किल्ली द्यायचो आणि स्वतः मॅटिनीला जाऊन बसायचो. माझे निम्मेअधिक इंग्रजी चित्रपट या कारणाने पाहून झाले. (हा प्रश्न तेव्हा घरोघरचा होता. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' आणि त्यावरून निघालेला हिंदी 'पिया का घर' ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो नव्याने सांगायला नको.) दोन-तीन वर्षांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला आम्ही दोघांनी मिळून 'द अपार्टमेंट' पाहिला. बाहेर पडल्यावर तो चहा येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुझी किल्ली साहेबानं मागितली असती, तर दिली असतीस का रे?"

मी म्हटलं, "प्रमोशनच्या यादीत नाव असतं, तर सांगता येत नाही."

दोघेही हसलो, पण त्या हसण्याखाली काहीतरी खरे होते. चांगल्या विनोदी चित्रपटाची माझी व्याख्या विचाराल, तर ती एवढीच. २००७ सालच्या 'लाइफ इन अ... मेट्रो' या हिंदी चित्रपटातही ही किल्ली आली आहे आणि ती मुंबईत सहज शोभली. घर आणि बढती हे दोन प्रश्न जिथे आहेत, तिथे ती गोष्ट चालतेच.

हाच रकाना मनात धरून जुने चित्रपट आठवत गेलो, की थक्क व्हायला होते. मेल ब्रुक्सचा 'द प्रोड्यूसर्स' (१९६७) तर हिशेबतपासणीवरच उभा आहे. एक भित्रा हिशेबनीस नाट्यनिर्मात्याची वही तपासतो. जमा साठ हजार, खर्च अठ्ठावन्न हजार, दोन हजारांचा मेळ लागत नाही. आणि विचार करता करता त्याला अचानक साक्षात्कार होतो, की नाटक पडले तर भागधारकांना काही द्यावे लागत नाही, म्हणजे यशस्वी नाटकापेक्षा पडेल नाटकात जास्त पैसा आहे! मग नफ्याचे पंचवीस हजार टक्के भाग विकले जातात आणि जगातले सर्वांत भिकार नाटक शोधण्याची मोहीम सुरू होते. एका व्हाउचरमधून एवढा धुमाकूळ निघू शकतो, हे बँकवाल्याला पटवायची गरज नसते.

'टूट्सी'मध्ये (१९८२) डस्टिन हॉफमन बाईचे सोंग घेतो. सोंगाचा विनोद आपल्याला नवा नाही, 'मोरूची मावशी'वर आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो. पण 'टूट्सी'तल्या नटाला सोंग का घ्यावे लागते? भांडकुदळ म्हणून त्याचे नाव झालेले आहे, कुणी काम देत नाही, आणि मित्राचे नाटक उभे करायला आठ हजार डॉलर हवे आहेत. आकडा ठरलेला आहे. तो आकडा नसता तर ते नुसते लुगडे नेसणे झाले असते.

आणि 'ट्रेडिंग प्लेसेस' (१९८३). फिलाडेल्फियाचे दोन गर्भश्रीमंत भाऊ एका डॉलरची पैज लावतात आणि त्यापायी एका सुखवस्तू अधिकाऱ्याला रस्त्यावर आणतात व रस्त्यावरच्या भणंगाला त्याच्या खुर्चीत बसवतात. शेवट संत्र्याच्या रसाच्या वायदेबाजारात होतो. पिकाचा सरकारी अहवाल जाहीर होण्याआधीच तो चोरून मिळवण्याचा भावांचा डाव नायक त्यांच्यावरच उलटवतात. गंमत म्हणजे सरकारकडून अशी गैरमार्गाने मिळवलेली माहिती वापरून जिनसांचे वायदे करण्याला अमेरिकेत तेव्हा बंदी नव्हती. २०१० च्या आर्थिक सुधारणा कायद्यात ती आली, आणि त्या कलमाला तिकडे चक्क 'एडी मर्फी नियम' म्हणतात. विनोदी नटाच्या नावाने वायदेबाजाराचे कलम ओळखले जावे! चित्रपटाने पैशाकडे किती बारकाईने पाहिले होते, याची ही पावतीच समजा.

त्या परंपरेतला मला आवडलेला शेवटचा शिलेदार म्हणजे माइक जजचा 'ऑफिस स्पेस' (१९९९). नायक संगणक कंपनीत नोकर. त्याला आठ साहेब. एका अहवालावर नवे मुखपृष्ठ लावायचे राहून गेले, तर एकेक साहेब येऊन तेच ते सांगून जातो. पुढे हे कंटाळलेले नोकर एक युक्ती काढतात. व्यवहारात सेंटच्या खालचा जो अपूर्णांक उरतो, तो हळूच आपल्या खात्यात वळवायचा. कोणाला कळणार? आमच्याकडे लेजरवर हाताने व्याज काढायचे दिवस होते, तेव्हा पन्नास पैशांच्या वरचा रुपया धरायचा आणि खालचे सोडून द्यायचे. त्या सोडलेल्या पैशांचे काय होते, हा विचार प्रत्येक कारकुनाच्या मनात एकदा तरी येऊन गेलेला असतो. चित्रपटातल्या पठ्ठ्यांचे दशांशचिन्ह चुकते आणि सोमवारी बघतात तो खात्यात तीन लाखांहून अधिक डॉलर! मी तो प्रसंग पाहताना खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. हा चित्रपट थिएटरात फारसा चालला नाही. त्याला प्रेक्षक मिळाला तो नंतर, कॅसेट आणि डीव्हीडीवर. त्यातल्या लाल स्टेपलरला पुढे इतकी मागणी आली, की कंपनीला तसा स्टेपलर बाजारात आणावा लागला.

आता यापुढचे पान उलटू.

साधारण २००० नंतर नायकाच्या हातातली डबा-पिशवी गेली. 'स्टेप ब्रदर्स' या २००८ च्या चित्रपटात चाळिशीचे दोन घोडे आईवडिलांच्या घरात राहतात, कामधंदा काही नाही, आणि दोन तास लहान पोरांसारखे मारामाऱ्या करतात. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, लाखो अमेरिकनांची घरे जप्त होत होती. चाळिशीच्या मुलाने आईबापांकडे परत येणे ही तेव्हा घराघरातली गोष्ट होती, म्हणजे विषय हाताशी होता. पण चित्रपटाला त्यातला फक्त पोरकटपणा दिसला. अॅडम सँडलरच्या 'ग्रोन अप्स'मध्ये (२०१०) पाच मित्र तळ्याकाठी सुट्टीला जातात आणि एकमेकांची टिंगल करतात, संपले. आपण चित्रपट निवडताना सुट्टी कुठे घालवता येईल ते बघतो, असे सँडलरने एकदा दूरचित्रवाणीवर थट्टेने सांगितले होते. मला ती थट्टा वाटली नाही. सुट्टीवर गेलेल्या माणसाला गमावण्यासारखे काही नसते, आणि ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्याच्या फजितीला हसायचे तरी किती?

'स्टेप ब्रदर्स'चा दिग्दर्शक अॅडम मॅके हा माणूस हुशार. त्याच्या 'द अदर गाइज' (२०१०) या पोलिसी विनोदपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीत काय यावे? आर्थिक फसवणुकीच्या योजना, सरकारने बँकांना दिलेली मदत, यांचे आकडे आणि आलेख! म्हणजे सांगण्यासारखे जे होते, ते प्रेक्षक उठून चपला शोधत असताना सांगितले. पुढे त्याने 'द बिग शॉर्ट' (२०१५) काढला, गृहकर्जांच्या त्याच कोसळण्यावर, आणि त्यात विनोद जागच्या जागी बसला. आतल्या माणसाला रोग कळला होता, असे मला तरी त्यावरून वाटते.

पगार गेला, त्याच्यासोबत बांधणीही गेली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर विनोद म्हणजे आधी भरणा आणि मग उचल. 'द अपार्टमेंट'मध्ये बॅक्स्टरला घरात कुणा बाईचा तडा गेलेला छोटा आरसा सापडतो, तो तो साहेबाला परत करतो. हा भरणा. पुष्कळ वेळाने, नाताळच्या पार्टीत, त्याला आवडणारी लिफ्टवाली मुलगी आपल्या पर्समधून आरसा काढून त्याच्या हातात देते. त्यात तडा. एक अक्षर न बोलता त्याला सगळे कळते, आपल्यालाही. ही उचल. नव्या चित्रपटांत भरणा कुणी करीत नाही, ओव्हरड्राफ्टवर कारभार. कॅमेरा चालू ठेवायचा, नटांनी सुचेल ते बोलायचे आणि त्यातले बरे ते ठेवायचे, अशी पद्धत रूढ झाली. मॅकेच्याच 'अँकरमन'मध्ये (२००४) इतका मजकूर उरला, की त्यातून आणखी एक अख्खा चित्रपट जोडून काढला. त्याच्या दुसऱ्या भागाचे तर विचारूच नका. तो २०१३ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी त्याची नवी आवृत्ती थिएटरात लावली गेली. जाहिरात अशी, की यात ७६३ नवे विनोद आहेत! गोष्ट तीच, प्रसंग तेच, फक्त विनोद बदललेले. आता मला सांगा, शेकड्याने विनोद काढून दुसरे घातले तरी गोष्टीला जर धक्का लागत नसेल, तर त्या विनोदांचा गोष्टीशी संबंध काय होता? तडा गेलेला तो आरसा काढून दुसरे काही घालून बघा बरे.

आयत्या वेळी सुचण्याला माझा विरोध नाही. चॅप्लिनही कॅमेऱ्यासमोरच शोधत जायचा. 'सिटी लाइट्स'मध्ये (१९३१) आंधळ्या फूलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत कसा वाटावा, हा पेच त्याला सुटेना. त्या एका प्रसंगाचे त्याने तीनशेहून अधिक टेक घेतले म्हणतात. अखेर मोटारीच्या दाराचा आवाज सापडला. दार धाडकन लागते, मुलीला वाटते की मोटारीतून साहेब उतरला. शोधण्यात तोही पटाईत होता. फरक असा, की त्याने बाकीचे फेकून दिले. मार्क्स बंधूंनी 'अ नाइट अॅट द ऑपेरा'च्या (१९३५) आधी त्यातले प्रवेश गावोगाव रंगमंचावर करून पाहिले, लोक कुठे हसतात, कुठे नाही, हे बघून मग चित्रीकरण केले. आपल्याकडे नाटकवाले तालमीनंतर पहिल्या प्रयोगांत छाटाछाट करीत, तसेच.

निव्वळ वेडेपणाचे चित्रपटही तेव्हा आधाराशिवाय उभे नव्हते. 'एअरप्लेन!' (१९८०) हा शुद्ध आचरटपणा, पण त्याच्या कर्त्यांनी १९५७ च्या 'झीरो अवर!' या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्याच्या सांगाड्यावर आपला आचरटपणा टांगला. विमान खाली सुखरूप उतरते की नाही, ही धाकधूक शेवटपर्यंत राहते. पुढे 'एपिक मूव्ही' (२००७), 'डिझास्टर मूव्ही' (२००८) असे जे निघाले, त्यांत गाजलेल्या चित्रपटातले पात्र फक्त येऊन उभे राहते. ओळखले का? ओळखले. झाला विनोद.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना आपल्या तरुणपणचे सारेच गोड लागते. मान्य, पण जुन्या काळातही कचरा भरपूर निघाला. 'पोलीस अकॅडमी'चे १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत सात भाग आले आणि त्यांच्या कॅसेट भाड्याने आणून आम्ही पाहिल्या. कचऱ्याची माझी तक्रार नाही. कचऱ्याच्या बरोबरीने वर्षाला दोन-तीन तरी लखलखीत चित्रपट निघत, ते दिसेनासे झाले, ही आहे.

यामागे जमाखर्चही आहे, आणि तो बघितला नाही तर माझ्या नोकरीचा उपयोग काय! विनोदी चित्रपट हा मध्यम खर्चाचा धंदा. 'द हँगओव्हर' (२००९) सुमारे साडेतीन कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात त्याने सेहेचाळीस कोटींच्या वर मिळवले. (तो पहिला भाग बरा आहे, नवरदेव हरवला आहे आणि लग्नाची वेळ ठरलेली आहे. दुसऱ्या भागात तेच सारे बँकॉकला नेऊन कार्बन कॉपी काढली.) पण असे घबाड क्वचित. एरवी या चित्रपटांचा खरा आधार डीव्हीडीची विक्री हा होता. थिएटरात जेमतेम चाललेला चित्रपट तिथे खर्च भरून काढायचा, जसा 'ऑफिस स्पेस'. २००५-०६ नंतर ती विक्री उतरणीला लागली आणि ही दुसरी जमा बंद पडली. दुसरीकडे परदेशातली कमाई मोठी होत गेली. उडणारा, आदळणारा वीरपुरुष शांघायपासून साताऱ्यापर्यंत कुठेही चालतो. कचेरीतल्या मुखपृष्ठाचा विनोद सीमेवरच अडतो, त्याचे भाषांतर होत नाही. तेव्हा स्टुडिओंनी वीस-वीस कोटींचे वीरपट काढले आणि विनोद त्यांत कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरला. वीरपुरुष जग वाचवता वाचवता टोमणे मारतो. कोथिंबीर चांगली असते, पण ती भाजी नव्हे.

उरलेले विनोदपट थेट घरच्या पडद्यावर आले. तिथे तिकीटखिडकी नाही. कुणी हसले की नाही, हे कळायची सोय नाही. हिशेब असतो तो किती तास पाहिला गेला याचा, आणि डुलकी लागलेल्याचे तासही त्यात धरले जातात. शिवाय एकट्याने हसता येत नाही, ही अडचण आहेच. प्रेस्टन स्टर्जेसच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१९४१) बेड्या घातलेले कैदी एका चर्चमध्ये बसून डिस्नेचे व्यंगचित्र बघतात आणि सारे मिळून हसत सुटतात, त्यांच्यात अडकलेला चित्रपट-दिग्दर्शकही. तो प्रसंग फोनवर कानात बोंडे घालून बघायचा म्हटले, तर कसे व्हायचे?

कचेरीतला विनोद मेला, असे मात्र नाही. त्याने बदली करून घेतली. २००५ ते २०१३ चाललेली 'द ऑफिस' ही मालिका कागद विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेवर आहे, आणि शाखा बंद होण्याची टांगती तलवार तिच्यात सारखी असते. (शाखा बंद होणे म्हणजे काय, हे बँकवाल्यांना विचारा.) २०२१ मध्ये सुरू झालेली 'अॅबट एलिमेंटरी' फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांची. पैसे नाहीत, पुस्तके नाहीत, आणि मुले तर समोर बसलेली. चांगले लेखक तिकडे गेले, कारण तिकडे लेखकाला अजून खुर्ची मिळते.

चित्रपटांतही अधूनमधून एखादा जुन्या वळणाचा भेटतो. 'ब्राइड्समेड्स'ला (२०११) पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, ते उगीच नव्हे. त्यातल्या नायिकेची बेकरी मंदीत बुडालेली आहे आणि मैत्रिणीच्या लग्नातला प्रत्येक थाट तिच्या पाकिटावर येऊन आदळतो. विमानात बाकीच्या जणी पुढच्या महाग वर्गात आणि ही मागे, त्यावरून जो गोंधळ उडतो, तो केवळ तिकिटाच्या फरकातून. २०२५ मध्ये 'द नेकेड गन' लायम नीसनला घेऊन नव्याने आला. ठीक आहे, हसवतो.

दीड महिन्याच्या त्या रजेत अखेरीस लावला तो 'नो हार्ड फीलिंग्ज' (२०२३). मुलाबाळांत बसून बघण्यासारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जेनिफर लॉरेन्स ही न्यूयॉर्कजवळच्या मॉन्टॉक या समुद्रकाठच्या गावची मुलगी. उन्हाळ्यात श्रीमंत लोक तिथे बंगले घेतात, जागेचे भाव वाढतात, आणि आईने ठेवलेल्या घराचा कर हिला भरवत नाही. टॅक्सी चालवून पैसे जमवावेत, तर थकबाकीपोटी गाडीच ओढून नेलेली. मग एक श्रीमंत जोडपे जुनी गाडी देऊ करते, आणि तिच्या बदल्यात आपल्या बुजऱ्या मुलाला माणसांत आणण्याचे विचित्र काम तिच्यावर सोपवते. विनोद काही ठिकाणी ओढूनताणून आहेत, मधला अर्धा तास रेंगाळतो. पण रकाना भरलेला होता. रात्रीचे साडेअकरा वाजले, आतून दोनदा हाक आली, "अहो, झोपायचं नाही का?" मी म्हटलं, "थांब जरा, तिच्या घरपट्टीचं काय होतं ते बघतो."